वारसा, दोष आणि दायित्व

माणसाच्या देहात जन्माबरोबर जे उतरते त्याचे उत्तरदायित्व कोणावर, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाने कर्मसिद्धान्ताच्या निमित्ताने फार प्राचीन काळापासून हाताळला आहे. जनुकशास्त्राने, म्हणजे आईबापांकडून मुलांकडे शरीरगुण कसे जातात याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राने, तोच प्रश्न गेल्या शतकात नव्याने उभा केला. एखाद्या आजाराचा धोका रक्ताच्या नात्यातून आला आहे असे कळले की रुग्ण आणि त्याचे आप्त दोन गोष्टी विचारतात: हे आमच्याच वाट्याला का आले, आणि आता आपल्या हाती काही उरले आहे का? पहिला प्रश्न दोषाचा आहे, दुसरा स्वातंत्र्याचा. वैद्यक दुसऱ्या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर देते आणि पहिला प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचा मानते. धर्मविचाराला मात्र दोहोंना सामोरे जावे लागते, कारण दुःखाचा अर्थ सांगण्याचे काम त्याने स्वतःहून पत्करलेले आहे. प्रस्तुत निबंधात हे दोन्ही प्रश्न एका विशिष्ट आजाराच्या आधारे तपासले आहेत. थायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियतेमुळे स्नायूंना अचानक येणारा, काही तासांत किंवा एकदोन दिवसांत ओसरणारा आणि पुन्हा उद्भवणारा लकवा, ज्याला वैद्यकात थायरोटॉक्सिक पिरिऑडिक पॅरॅलिसिस म्हणतात, तो हा आजार होय.

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे केळना आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावरचे तालुक्याचे गाव. येथील पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. या परिसरात दुःखाचा अर्थ सांगणाऱ्या अनेक परंपरा शेजारीशेजारी नांदतात. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली ज्या जांब गावी झाला ते याच जिल्ह्यात आहे, भोकरदन तालुक्यातील जयदेववाडीचा जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे श्रद्धास्थान असून तेथे पीडित माणसांना घेऊन त्यांचे नातलग येतात, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही व्याधिमुक्तीच्या आशेने जातात, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने बौद्ध झालेला मोठा समाज मराठवाड्याच्या गावोगावी आहे. अशा प्रदेशात धडधाकट तरुणाचे पाय एका रात्रीत लुळे पडले, तर ‘अंगावरून वारं गेलं’, ‘बाहेरचं आहे’, ‘कुणीतरी करणी केली’, ‘मागच्या जन्मीचं भोगतोय’ अशी कारणे एकाच ओसरीवर बसून सांगितली जाणे स्वाभाविक आहे. ती सांगणारी माणसे बहुधा मायेपोटीच बोलत असतात. तथापि यांतील प्रत्येक कारणात एक नैतिक निवाडा दडलेला असतो, आणि तो कोणावर तरी जाऊन पडतोच: शेजाऱ्यावर, सुनेवर किंवा खुद्द रुग्णावर. म्हणून या आजारात देहाच्या आत काय घडते हे आधी नीट पाहिले पाहिजे.

मानेच्या पुढील बाजूस असलेली थायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरून शरीराच्या कामाचा वेग ठरवणारे द्रव्य, तयार करते, ते प्रमाणाबाहेर वाढले की वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो. याचे सर्वांत सामान्य कारण ग्रेव्ह्जचा आजार हे असून त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच ग्रंथीला सतत चेतवत राहते. अशा रुग्णांपैकी मोजक्या लोकांना लकव्याचे झटके येतात. झटक्याचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. विशी ते चाळिशीतला पुरुष दिवसभर अंगमेहनत करतो, संध्याकाळी लग्नाच्या पंगतीत पुरी, भात, जिलेबी असे पिष्ट आणि गोड पोटभर जेवतो, झोपतो, आणि पहाटे जागा होतो तेव्हा त्याला मांड्या उचलता येत नाहीत. शुद्ध पूर्ण असते, बोलणे स्पष्ट असते, स्पर्श कळतो. मात्र कमरेखालचे आणि कधी खांद्यांचेही स्नायू हुकूम मानत नाहीत. काही तासांनी बळ आपोआप परत येऊ लागते, आणि दुपारी तोच माणूस स्वतःच्या पायांनी चालू शकतो. रात्री गेले आणि दिवसा परत आले, या एका लक्षणामुळेच हा आजार दैवी किंवा मायावी वाटण्यास फार अनुकूल ठरतो.

प्रत्यक्षात त्या रात्री जे घडते ते स्नायूपेशीच्या पातळ आवरणावर घडते. शरीरातील पोटॅशियमचा फार मोठा हिस्सा, सुमारे ९८ टक्के, पेशींच्या आत असतो, आणि रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल इतक्या अरुंद मर्यादेत राखलेले असते. पेशीच्या आवरणावरील सोडियम-पोटॅशियम पंप हे प्रथिन तीन सोडियम कण बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम कण आत ओढते. थायरॉइडचे संप्रेरक या पंपांची संख्या आणि वेग वाढवते. गोड आणि पिष्टमय जेवणानंतर स्रवणारे इन्सुलिन त्यांना आणखी चेतवते. पुरुषी संप्रेरकेही त्यात भर घालतात, आणि थायरॉइडची अतिक्रियता बायकांत कितीतरी अधिक आढळत असूनही हा लकवा प्रामुख्याने पुरुषांना का होतो याचे एक कारण त्यात शोधले जाते. आत ओढलेले पोटॅशियम परत बाहेर सोडण्यासाठी पेशीवर काही वाहिन्या, म्हणजे विशिष्ट क्षारकणांनाच वाट देणारी सूक्ष्म द्वारे, असतात. ही द्वारे पुरेशी उघडी नसतील आणि पंप मात्र जोरात चालत असेल, तर रक्तातले पोटॅशियम झपाट्याने घसरते, पेशीच्या आवरणावरील विद्युतभार बिघडतो आणि मज्जातंतूकडून आलेला संदेश स्नायूला हलवू शकत नाही. शरीरातून पोटॅशियम गेलेले नसते, ते केवळ जागा बदलून बसलेले असते. म्हणूनच झटका ओसरला की मागे काहीही उरल्यासारखे वाटत नाही.

वारशाचा प्रश्न या द्वारांपाशी सुरू होतो. १९०२ साली जर्मनीत वर्णिल्या गेलेल्या या आजाराच्या झटक्यांचे प्रमाण जपान, चीन आणि आग्नेय आशियातील लोकांत पुष्कळ जास्त असल्याचे पुढील दशकांत ध्यानात आले. भारतातील डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत. २०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील लुई प्टाचेक यांच्या गटाने केसीएनजे १८ या जनुकातील बदल शोधून काढले. हे जनुक स्नायूपेशीवरील केआयआर २.६ नावाच्या पोटॅशियम वाहिनीची रचना ठरवते, आणि त्याचे काम किती व्हावे हे थायरॉइडच्या संप्रेरकाच्या नियंत्रणाखाली असते. त्या गटाने तपासलेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या रुग्णांच्या काही समूहांत असे बदल ३३ टक्क्यांपर्यंत आढळले. हाँगकाँग आणि थायलंडच्या रुग्णांत मात्र ते फार कमी होते. २०१२ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी १७व्या गुणसूत्रावर केसीएनजे २ या दुसऱ्या वाहिनी-जनुकाजवळील एक भेद या आजाराशी निगडित असल्याचे दाखवले, आणि थायलंडमधील अभ्यासही त्याच भागाकडे निर्देश करणारा ठरला. हा दुसऱ्या प्रकारचा भेद अनेक निरोगी माणसांतही आढळतो, आणि तो असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात एकदाही लकवा होत नाही.

‘जोखीमघटक’ या संज्ञेचा अर्थ येथे नेमका समजून घ्यावा लागतो. जोखीमघटक म्हणजे ज्याच्या असण्याने एखादी घटना घडण्याची शक्यता वाढते, पण ज्याच्या एकट्याच्या असण्याने ती घडत नाही, असे कारण. वर सांगितलेले जनुकभेद असूनही थायरॉइड शांत असेल तर झटका येत नाही; थायरॉइड अतिक्रिय असूनही वाहिन्या सक्षम असतील तर बहुधा झटका येत नाही; आणि दोन्ही असतानाही जड जेवण, श्रमानंतरची विश्रांती किंवा मानसिक ताण अशा एखाद्या निमित्ताची गाठ पडावी लागते. जपानचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९५७ साली तेथे थायरॉइडच्या अतिक्रियतेच्या पुरुष रुग्णांपैकी आठ टक्क्यांच्या आसपास लोकांना हा लकवा झाल्याचे नोंदले गेले, आणि १९९० च्या सुमारास ते प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास उतरले. एवढ्या थोड्या काळात एखाद्या राष्ट्राची जनुके बदलत नाहीत. आहार बदलला, पिष्टाचे प्रमाण कमी झाले आणि पोटॅशियमयुक्त अन्न वाढले, हे त्यामागचे कारण अभ्यासकांनी सुचवले आहे. वारसा तोच राहिला आणि वाट्याला येणारे दुःख निम्म्यावर आले, या वस्तुस्थितीला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोठे मोल आहे.

आता कर्मसिद्धान्ताकडे वळता येईल. या सिद्धान्तानुसार कर्माचे तीन भाग मानले जातात: पूर्वजन्मांतून साठलेले ते संचित, त्यातून या देहात फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध, आणि आज घडत असलेले ते क्रियमाण. लोकव्यवहारात यांतील प्रारब्ध एवढेच लक्षात राहते आणि त्याचा अर्थ ‘टळणार नाही ते’ असा घेतला जातो. ग्रंथांतील विचार इतका सरळ नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, नाना प्रकारची करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैवाला येथे स्थान आहे, पण ते पाचांतले एक म्हणून. आणि जो स्वतःलाच एकमेव कर्ता समजतो त्याची समज अपुरी मानली आहे. हाच न्याय उलट बाजूनेही लावता येतो, तो असा की जो दैवालाच एकमेव कारण समजतो त्याची समजही तितकीच अपुरी ठरते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, यामागेही हीच जाणीव आहे. कर्माचे बंधन मान्य केले की त्याच श्वासात स्वातंत्र्याचा प्रश्नही सोडवावा लागतो, एरवी नीतिशास्त्राला अर्थच राहत नाही.

आयुर्वेदाने हा प्रश्न रुग्णाच्या बिछान्याशेजारी बसून सोडवला. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य नियत आहे की अनियत अशी शंका अग्निवेश उपस्थित करतो, आणि आत्रेय उत्तर देतात की पूर्वदेहातील कर्म ते दैव आणि या देहातील कर्म तो पुरुषकार, या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते. दुर्बळ दैवाला प्रबळ पुरुषकार मागे सारू शकतो, आणि सारेच नियत असते तर औषधाची, पथ्याची आणि संकट टाळण्याच्या सावधगिरीची कोणालाही गरज पडली नसती. याच संहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागाचा अवयव अशी सूक्ष्म विभागणी केलेली आहे. बीजाच्या ज्या भागात बिघाड होतो त्या भागापासून बनणाऱ्या अवयवातच विकृती येते, आणि म्हणून आंधळ्या आईबापांचे मूल आंधळेच जन्मले पाहिजे असे नाही, हे तेथे स्पष्ट केले आहे. चरकात आजच्या जनुकशास्त्राचा शोध आधीच लागला होता असा दावा करणे अप्रामाणिक ठरेल. मात्र वारशाने आलेल्या वैगुण्याचा विचार अवयवाच्या पातळीवर, नैतिक निवाडा न करता करता येतो, हे त्या वैद्यांना उमगले होते, हे निश्चित. त्याच ग्रंथात पूर्वकर्माने होणाऱ्या आणि ते कर्म संपल्यावरच शमणाऱ्या रोगांचाही उल्लेख आहे, हे लपवून चालणार नाही. परंपरेत दोन प्रवाह आहेत. त्यांतील कोणता पुढे न्यायचा हे आजच्या पिढीने ठरवायचे आहे.

या निवडीला समर्थ रामदासांच्या दासबोधातून एक महत्त्वाचा आधार मिळतो. तिसऱ्या दशकात त्यांनी त्रिविध तापांचे निरूपण केले असून देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगाने भोगावे लागणारे दुःख आध्यात्मिक तापात घातले आहे. तेथे देहाला होणाऱ्या व्याधींची लांबलचक यादी येते. खरूज, पुळ्या, नारू, देवी, गोवर असे त्या काळी घरोघरी भेटणारे आजार तिच्यात आहेत, आणि या साऱ्या तापाचा संबंध समर्थांनी पूर्वपापाशी जोडला आहे. आज त्या यादीकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पहिला गेला तो लसीमुळे आणि घरोघर फिरणाऱ्या लस टोचणाऱ्यांमुळे. दुसरा गेला तो पायऱ्यांच्या विहिरी बंद होऊन, पाणी गाळून पिण्याची सवय लागून आणि हातपंप आल्यामुळे. या अवधीत माणसांची संचित पापे अचानक सरली असे कोणताही श्रद्धावान मनुष्य म्हणणार नाही. मग हे मान्य करणे भाग आहे की रोगाचे नाव आणि पापाचे नाव यांच्यात माणसाने जोडलेला दुवा सैल होता, आणि प्रयत्नवादाचा आग्रह धरणाऱ्या समर्थांच्याच शिकवणुकीने तो दुवा तोडण्याचे बळ दिले आहे.

बौद्ध परंपरेने हा दुवा आणखी आधी सैल केला होता. पाली वाङ्मयातील एका सुत्तात मोलिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला होणारे सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते, हे म्हणणे खरे आहे काय. उत्तरात बुद्ध आठ कारणे मोजतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतूतील बदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक, आणि सारे काही पूर्वकर्माचे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे जातात, असे सांगतात. डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथात तर आनुवंशिकतेच्या शास्त्रालाच साक्षीला बोलावले. मूल आईबापांकडून केवळ शरीर घेते आणि बाकी सारे स्वतःच्या मागील जन्मातून आणते, ही कल्पना त्या शास्त्राशी विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि जन्माने आलेली हीन अवस्था ही स्वकर्माची शिक्षा आहे असे सांगणारा सिद्धान्त समाजाला आपल्या अन्यायाच्या जबाबदारीतून मोकळे करतो, हा त्यामागचा त्यांचा नैतिक आक्षेप होता. आजाराच्या क्षेत्रात हा आक्षेप तितकाच लागू पडतो. रुग्ण स्वतःच्या पापाचे फळ भोगतो आहे असे एकदा ठरले, की तालुक्याच्या रुग्णालयात पोटॅशियम मोजण्याची सोय आहे की नाही हा प्रश्न कोणाला विचारावासा वाटत नाही.

कर्मवादाचा समर्थक यावर एक सूक्ष्म प्रश्न करील, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. वाहिनीतील बिघाड, संप्रेरक, जेवण ही सारी कारणे मान्य केली, तरी तो जनुकभेद याच जिवाच्या वाट्याला का यावा, या भावाला यावा आणि त्या भावाला येऊ नये असे का? जनुकशास्त्राचे उत्तर असे की आईबापांच्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती मुलाकडे जाईल हे बीजकोश तयार होताना यदृच्छेने ठरते. हे उत्तर अर्थाची भूक भागवत नाही, हे खरे आहे. परंतु कर्माचे उत्तर ती भूक भागवताना एक तार्किक चूक करते. कार्यावरून कारणाचे अनुमान करणे केव्हा योग्य, याची चर्चा न्यायसूत्रांत आणि त्यांवरील भाष्यात केली आहे. नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला असे अनुमान केले जाते. पण नदी बांध घातल्यानेही फुगू शकते, असा आक्षेप तेथेच घेतला आहे, आणि उत्तर असे दिले आहे की वेग, फेस, वाहून आलेला पालापाचोळा अशी विशिष्ट चिन्हे पाहिल्यावाचून असे अनुमान करू नये. पूर्णेचा पूर वर्षानुवर्षे पाहणाऱ्या जाफराबादकराला हा विवेक शिकवावा लागत नाही. लुळ्या पडलेल्या पायांवर मात्र पापाचे असे कोणतेही विशिष्ट चिन्ह उमटलेले नसते. तेथे असतात ती कमी झालेल्या पोटॅशियमची आणि वाढलेल्या संप्रेरकाची चिन्हे. गीतेनेही कर्माची गती गहन मानली आहे. ज्याची गती गहन, त्याचा हिशेब दुसऱ्याच्या देहावरून वाचण्याचा अधिकार कोणालाही नाही. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावताना कोणी कर्माचा आधार घेतला, तर तो त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. तोच आधार दुसऱ्यावर दोष ठेवण्यासाठी घेतला, की ती श्रद्धा राहत नाही, तो आरोप होतो.

या आरोपाचा भार कुटुंबात बहुधा स्त्रीवर पडतो. घराण्यात आजार निघाला की तो सुनेने माहेरून आणला, ही समजूत अनेक घरांत आजही जिवंत आहे. या आजारात बहुतेक रुग्ण पुरुष असल्याने आणि स्त्रियांत तोच जनुकभेद निमूट राहू शकत असल्याने आईकडे बोट दाखवणे अधिकच सोपे होते. वस्तुतः केसीएनजे १८ आणि केसीएनजे २ ही दोन्ही जनुके लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नसून १७व्या गुणसूत्रावर आहेत, त्यामुळे भेद बापाकडून येण्याची आणि आईकडून येण्याची शक्यता सारखीच असते. शिवाय ज्याने तो दिला त्याला आपण काय देत आहोत हे माहीत नव्हते, आणि ते न देण्याचा पर्यायही त्याच्यापुढे नव्हता. जेथे ज्ञानही नाही आणि निवडही नाही तेथे दोष संभवत नाही, हे नीतीचे मूलतत्त्व सर्व धर्मांना मान्य आहे. आई आणि बाप या आजाराचे वाहक असतील. अपराधी ते कोणत्याही अर्थाने नाहीत.

दोषाचा प्रश्न असा निकालात निघाल्यावर दुसरा, स्वातंत्र्याचा प्रश्न उरतो. येथे सावध राहावे लागते, कारण प्रारब्धाची जागा जनुकाला देऊन जुना दैववाद नव्या शब्दांत परत येण्याचा धोका असतो. सारे काही नियतीने ठरलेले आहे, प्रयत्नाने काहीही बदलत नाही, असे मत बुद्धाच्या काळी मक्खली गोसाल या आजीवक आचार्याने मांडल्याचे बौद्ध आणि जैन ग्रंथ सांगतात, आणि दोन्ही परंपरांनी त्याचा कठोर निषेध केला. ‘रक्तातच आहे, काय करणार’ हे वाक्य त्याच नियतिवादाचे आजचे रूप आहे. या आजाराइतका त्याचा सप्रमाण प्रतिवाद करणारे उदाहरण क्वचितच सापडेल. थायरॉइडची अतिक्रियता कार्बिमाझोलसारख्या औषधाने, किरणोत्सारी आयोडीनने किंवा शस्त्रक्रियेने आटोक्यात आली की झटके थांबतात. तोपर्यंत प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे, जड पिष्टमय जेवण आणि अतिश्रम टाळणे यांचा आधार मिळतो. वारशाने आलेला जनुकभेद मरेपर्यंत पेशीपेशीत तसाच राहतो आणि तरीही माणूस कधीच लुळा पडत नाही. वारसा अटळ असून त्याचे फळ टाळता येते, ही गोष्ट येथे श्रद्धेने मानावी लागत नाही, ती पाहता येते. इस्लामी परंपरेतील एक हदीस याच दिशेची आहे: औषधाने ईश्वरी विधिलिखित टळते काय असे विचारले असता, औषध हाही त्या विधिलिखिताचाच भाग आहे, असे उत्तर पैगंबरांनी दिल्याचे तीत सांगितले आहे. सैलानीला नवस बोलणाऱ्या माणसाला श्रद्धा न सोडता थायरॉइडची गोळी घेता येते, इतकी मोकळी जागा या उत्तरात आहे.

मात्र जे टाळता येते ते टाळण्याचे कर्तव्य उत्पन्न होते, आणि हे कर्तव्य केवळ रुग्णाचे नसते. अशक्तपणा आला की सलाईन लावण्याची रीत खेडोपाडी रूढ आहे. परंतु ग्लुकोज असलेली सलाईन इन्सुलिन वाढवते, उरलेसुरले पोटॅशियमही पेशींच्या आत ढकलते आणि या रुग्णाचा लकवा आणखी बळावू शकतो. उलट पोटॅशियम भरमसाट दिले, तर ते पेशींतून परत बाहेर येऊ लागल्यावर रक्तातील पातळी धोकादायक वाढून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून ते मोजून, लक्ष ठेवून द्यावे लागते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा अचानक येणाऱ्या लकव्याची धास्ती महाराष्ट्रभर पसरली. त्या आजारात दुर्बलता सहसा दिवसांगणिक वाढत जाते, आणि हा लकवा तासांत ओसरतो, हा भेद कळण्यासाठी वेळेवर केलेली रक्तातील पोटॅशियमची आणि थायरॉइडची तपासणी उपयोगी पडते. ही तपासणी कोणत्याही अंगाने गूढ किंवा फार महाग नाही. पाय गेलेल्या तरुणाला पहाटे प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरला हा आजार आठवावा, तालुक्याच्या ठिकाणी ती चाचणी त्याच दिवशी व्हावी, आणि पुढचे उपचार लागतील तेव्हा २०२४ साली सुरू झालेल्या जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत पोहोचता यावे, ही व्यवस्था उभारणे हे समाजाचे क्रियमाण आहे.

कर्म या कल्पनेचा सर्वांत जिवंत भाग हाच आहे. संचिताविषयी आणि प्रारब्धाविषयी माणसे तर्क करू शकतात, वाद घालू शकतात, श्रद्धा ठेवू शकतात. क्रियमाण मात्र त्यांच्या हाती असते, आणि त्याच्याविषयी अज्ञानाची सबब चालत नाही. जनुकशास्त्राने या कल्पनेला खोटे ठरवले असे म्हणणे अर्धवट ठरेल, आणि तिला खरे ठरवले असे म्हणणे तर चूकच. त्याने केले ते एवढेच की दोष आणि दायित्व यांना, जे शतकानुशतके एकमेकांत गुंतून पडले होते, वेगळे करून दाखवले. दोष मागे पाहतो आणि वारशाने आलेल्या आजारात त्याला उभे राहायला जागा नसते. दायित्व पुढे पाहते आणि ज्या क्षणी कारण कळते त्या क्षणापासून सुरू होते. ज्या घरात एका भावाला हा लकवा झाला, तेथे दुसऱ्या भावाचे वजन विनाकारण घटू लागले किंवा छाती धडधडू लागली, तर त्याची थायरॉइडची तपासणी करून घेणे हे त्या घराचे दायित्व आहे. सोयरिकीच्या बोलण्यात हा आजार लपवणे चूक आहे, आणि तो कळल्यावर सोयरीक मोडणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण उपचाराने पूर्ण काबूत राहणाऱ्या वैगुण्याला घराण्याचा कलंक मानणे म्हणजे दोषाला मागच्या दाराने पुन्हा आत घेणे होय. कीर्तनकार, भिक्खू, मौलवी आणि महंत यांच्या शब्दाला या भागात वजन आहे. त्यांनी आपापल्या परंपरेतील तो प्रवाह उचलून धरावा जो रुग्णाला अपराधी ठरवत नाही आणि प्रयत्नाला धर्म मानतो. असा प्रवाह प्रत्येक परंपरेत आहे. पाय लुळे पडलेल्या माणसाभोवती जमलेल्यांनी ‘याने काय केले असेल’ हा प्रश्न सोडून ‘याच्यासाठी आता काय करता येईल’ हा प्रश्न विचारावा, यातच त्या माणसाविषयीची करुणा आणि धर्माचे खरे आचरण एकत्र येतात.